मीटिंगमध्ये इंग्रजी अडतं: शिकून झाल्यावर पुढे काय?

पाऊसवेळ (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. बरेच दिवस विचारू की नको असं चाललं होतं, आज विचारतेच.

मी मूळची फलटणजवळची. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग पुण्यात इंजिनिअरिंग, आणि गेली नऊ वर्षं हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग. इंग्रजी येत नाही असं मी म्हणणार नाही. ईमेल लिहिते, शंभर पानांचं डॉक्युमेंट वाचून त्यातल्या चुका काढते, टीममधल्या नवीन मुलांचे रिपोर्टही मीच तपासून देते. पण मीटिंगमध्ये बोलायची वेळ आली की मनात वाक्य जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो.

मागच्या आठवड्यात एक मोठी चूक मी शोधून काढली. क्लायंटला ती सांगायला सुरुवात केली आणि तिसऱ्या शब्दाला अडखळले. दोन सेकंद शांतता. मग शेजारच्या सहकाऱ्याने माझ्या वतीने सगळं सांगून टाकलं. त्याने मदतच केली, त्याच्यावर राग नाही. पण घरी येताना बसमध्ये तेच वाक्य मी दहा वेळा मनात म्हटलं आणि दहाही वेळा ते अस्खलित आलं. मग तिथे का येत नाही?

दोन क्लास करून झाले. दोन्हीकडे गाडी 'आय अ‍ॅम, ही इज'पासून सुरू झाली. ते मला येतं हो. मला त्याच्या पुढचं हवंय. या मधल्या पायरीवर अडकून मग वर गेलेलं इथे कुणी आहे का? नेमकं काय केलंत?

कडकचहा
बसमधलं अस्खलित इंग्रजी! वाकड येईपर्यंत मीसुद्धा संयुक्त राष्ट्रसंघात भाषण देऊन परत आलेला असतो. ताई, तुम्ही एकट्या नाही. धागा वाचतोय.

शनिवारपेठी
रोज इंग्रजी वर्तमानपत्राचा अग्रलेख मोठ्याने वाचा आणि दहा नवे शब्द पाठ करा. वर्षाला साडेतीन हजार शब्द होतात. मी हेच केलं. अप्पा बळवंत चौकात शब्दसंग्रहाची पुस्तकं ढिगाने मिळतात.

पाऊसवेळ
@शनिवारपेठी, धन्यवाद, पण वह्या भरल्यात माझ्या. त्या दिवशी मी अडले तो शब्द 'बिकॉज' होता. तो मला पाचवीपासून माहीत आहे.

दुभाषी
धागाकर्तीच्या या शेवटच्या दोन वाक्यांत सगळं दुखणं आलं आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

मी चाकण आणि रांजणगावच्या कारखान्यांत जपानी-इंग्रजी दुभाष्याचं काम करतो. शब्द माहीत असणं आणि तो अर्ध्या सेकंदात तोंडात येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली वाचनाने आणि पाठांतराने येते. दुसरी फक्त वापराने येते, आणि तीही *आधीच माहीत असलेल्या* गोष्टींच्या वापराने. तुम्ही नवं शिकत राहता तेव्हा वाढतो तो साठा. त्यातून वस्तू काढायचा वेग आहे तिथेच राहतो.

न्यूझीलंडचे पॉल नेशन या अभ्यासकांनी भाषेच्या अभ्यासाचे चार भाग सांगितले आहेत: समजून घेण्यासाठी ऐकणं-वाचणं, काहीतरी सांगण्यासाठी बोलणं-लिहिणं, भाषेचा मुद्दाम अभ्यास (व्याकरण, शब्द, उच्चार), आणि चौथा भाग ओघाचा. त्यांच्या मते चारही भागांना साधारण सारखा वेळ मिळायला हवा. आपल्याकडे तिसराच सगळा वेळ खातो आणि चौथ्याला काही मिळत नाही. ओघाच्या सरावाची अट अशी की त्यात नवा शब्द नको, नवं व्याकरण नको. सोपा, ओळखीचा विषय आणि थोडी घाई.

यासाठी एक जुना सराव आहे, नाव '४/३/२'. कीथ मॉरिस यांनी तो १९८३ साली मांडला, नेशन यांनी पुढे त्याचा अभ्यास केला. एक विषय घ्या, म्हणजे समजा 'मी शोधलेली चूक'. एका माणसाला ती ४ मिनिटांत सांगा. लगेच दुसऱ्याला तीच गोष्ट ३ मिनिटांत. मग तिसऱ्याला २ मिनिटांत. मजकूर गाळायचा नाही, तेवढाच ठेवायचा. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला डोक्याला 'काय सांगू' हा प्रश्न राहत नाही, त्यामुळे सगळी ताकद 'कसं सांगू'कडे जाते. ऐकणारा बदलायचा तो एवढ्यासाठी की आपण ते पुन्हा मनापासून सांगतो. त्याच माणसाला सांगायला लागलो की कंटाळून घाईघाईने उरकतो.

माणसं नसतील तर मोबाइलवर रेकॉर्ड करा. तेवढा फायदा होत नाही, पण होतो.

बसमध्ये वाक्य अस्खलित का आलं, याचंही उत्तर इथेच आहे. ती तुमची दहावी खेप होती. मीटिंगमधली पहिली.

कडकचहा
@दुभाषी, शेवटची दोन वाक्यं कागदावर लिहून ठेवली.

खडूफळा
मी ३१ वर्षं पुण्यातल्या मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, आता निवृत्त आहे. पाऊसवेळ, तुझ्यासारख्या शेकडो मुली माझ्या हाताखालून गेल्या, म्हणून तू म्हणते.

आपल्या राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्याआधीच्या मुलांना एबीसीडी पाचवीत भेटायची. पन्नास-साठ मुलांचा वर्ग, पस्तीस मिनिटांचा तास. त्यातली पाच हजेरी आणि वह्यांत जायची. उरलेल्या अर्ध्या तासात मी स्वतः एक शब्द न बोलता फक्त मुलांना बोलू दिलं असतं, तरी एकेकाच्या वाट्याला अर्धं मिनिट आलं असतं. मुलं बोलायला शिकली नाहीत यात मुलांचा दोष नव्हता. आम्ही वाचायला आणि लिहायला शिकवलं, परीक्षेत तेच विचारलं, आणि ते तुम्हाला उत्तम आलं. राहिलेलं आता करायचं आहे, एवढंच.

आता माझं म्हणणं. भाषांतर करून बोलू नकोस. आपल्या एका क्रियापदाकडे बघ: *लावणे*. दार लाव, दिवा लाव, कुकर लाव, मलम लाव, झाड लाव, नंबर लाव, वेळ लावू नकोस. इंग्रजीत या सातही ठिकाणी वेगळं क्रियापद येतं. मनात 'लावणे' धरून त्याला इंग्रजी शब्द शोधत बसलीस तर अडणारच. म्हणून सुटा शब्द पाठ करू नये, जोडीने करावा. 'डिसिजन' नाही, 'मेक अ डिसिजन'. 'रेन' नाही, 'हेवी रेन'.

कडकचहा
बाई, माझ्या नावावरच घ्या. कॉलेजात असताना एका परदेशी पाहुण्याला अमृततुल्यमध्ये घेऊन गेलो आणि अभिमानाने म्हणालो, "धिस इज व्हेरी हार्ड टी." तो कपाकडे बघतच राहिला. 'स्ट्राँग टी' म्हणतात हे त्या दिवशी कळलं, आणि कायमचं कळलं.

सिंहगडवारी
मी थोडा असहमत आहे. बोलण्याचा एवढा अट्टहास कशाला? लहान मूल आधी वर्षभर नुसतं ऐकतं, मग बोलतं. मी कधीच बोलण्याचा सराव केला नाही. शाळेत असताना क्रिकेटची इंग्रजी कॉमेंट्री ट्रान्झिस्टरवर कान लावून ऐकायचो, पुढे बीबीसी लागलं, आता सिंहगड चढताना पॉडकास्ट असतात. कानात भाषा मुरली की तोंडात येते. कळतंय पण जरा अवघड आहे असं निवडायचं आणि भरपूर ऐकायचं.

दुभाषी
@सिंहगडवारी, भरपूर ऐकण्याबद्दल वाद नाही. स्टीफन क्रॅशन या भाषा-अभ्यासकांचा सिद्धांत तुम्ही म्हणता त्याच वळणाचा आहे. पण कॅनडातला अनुभव त्यापुढे ठेवतो. तिथे इंग्रजी घरांतली मुलं फ्रेंच माध्यमाच्या वर्गांत वर्षानुवर्षं शिकत होती. ऐकण्या-वाचण्यात ती फ्रेंच मुलांच्या जवळपास पोचली, पण बोलण्या-लिहिण्यात मागे राहिली. तिथल्याच भाषा-अभ्यासक मेरिल स्वेन यांनी १९८५ साली हे मांडून म्हटलं की ऐकणं पुरत नाही, स्वतः बोलावंही लागतं, कारण बोलायला लागल्यावरच आपल्याला काय येत नाही ते समजतं.

धागाकर्तीला समोरच्याचं सगळं समजतं आणि स्वतःला सांगता येत नाही. म्हणजे ती या कॅनडातल्या मुलांच्याच जागी आहे. तिला अजून ऐकायला सांगणं म्हणजे पोहायला शिकणाऱ्याला अजून काही दिवस काठावरून बघ म्हणणं.

सिंहगडवारी
मान्य, थोडंसं. मी कॉमेंट्री ऐकताना एकटाच मोठ्याने तशी कॉमेंट्री करतही असे, हे लिहायचं राहिलं. आमच्या वाड्याला पाठ असेल ती.

दुभाषी
मग तुम्ही सराव केला नाही असं कसं म्हणता! दुभाष्यांच्या प्रशिक्षणात हेच असतं. कानात आवाज चालू ठेवून अर्ध्या सेकंदाने मागोमाग तेच बोलत जायचं. त्याला शॅडोइंग म्हणतात, मराठीत सावलीसारखं बोलणं म्हणू. तुम्ही ते वाड्याच्या ओसरीवर केलंत.

अनुस्वार
शॅडोइंग निघालंच आहे तर उच्चारांबद्दल लिहिते. मी भाषाशास्त्राची विद्यार्थिनी आहे.

आपण मराठीत जवळजवळ प्रत्येक अक्षराला त्याचा वेळ देतो. इंग्रजीत काही अक्षरं फुगतात आणि बाकीची चेपली जातात. 'फोटोग्राफ'मध्ये जोर 'फो'वर, 'फोटोग्राफर'मध्ये 'टॉ'वर, 'फोटोग्राफिक'मध्ये 'ग्रॅ'वर. जोर चुकला की एकेक ध्वनी बरोबर असूनही ऐकणाऱ्याला शब्द सापडत नाही.

याचा सगळ्यात महागडा नमुना म्हणजे 'कॅन' आणि 'कान्ट'. इंग्रज किंवा अमेरिकन माणूस 'वी कॅन डिलिव्हर' म्हणताना 'कॅन' गिळून 'क्न' एवढंच म्हणतो आणि जोर 'डिलिव्हर'वर देतो. नकारार्थी असेल तेव्हाच त्या जागी जोर येतो. आपण प्रामाणिकपणे 'कॅन' पूर्ण, ठासून म्हणतो, आणि समोरच्याला, विशेषतः अमेरिकन कानाला, 'नाही जमणार' ऐकू येऊ शकतं.

मुळाकाठ
बाप रे. आमच्या टीममध्ये हे घडलंय! शुक्रवारी देऊ शकतो असं आम्ही सांगितलं, आणि पलीकडून चिंतेचा ईमेल आला की का देऊ शकत नाही. आम्हाला वाटलं लाइन खराब होती.

अनुस्वार
@मुळाकाठ, लाइनही असेल. पण पुढच्या वेळी 'वी विल डिलिव्हर ऑन फ्रायडे' म्हणून बघा.

आणखी एक. "त्यांचं बोलणं इतकं भरभर का, शब्द खातात" अशी तक्रार नेहमी असते. आपण काय करतो? पुस्तकात 'काय करतो आहेस', तोंडात 'काय कर्तोयस'. पुस्तकातून मराठी शिकलेल्या माणसाला 'कर्तोयस' पहिल्यांदा ऐकल्यावर काहीच कळणार नाही. इंग्रजीतलं 'गोइंग टू'चं 'गॉना' होतं ते अगदी तसंच. त्यात आळशीपणा नाही, घाई नाही, बोलीची ती रीतच आहे. तुम्ही 'गॉना' म्हणायलाच हवं असं नाही, पण ते कानाला ओळखीचं हवं.

मुळाकाठ
उच्चारांबद्दल थोडा वेगळा मुद्दा. मी जर्मन आणि जपानी लोकांबरोबर रोज काम करतो. ते आपापल्या धाटणीत इंग्रजी बोलतात आणि कुणालाही त्याची लाज वाटत नाही. आपणच मराठी छाप दिसली की खाली मान घालतो. आपल्या बोलण्यात कोल्हापूर किंवा फलटण ऐकू आलं तर येऊ दे की. समजलं म्हणजे झालं.

मला खरा फटका उच्चारांनी नाही, एका शब्दाने दिला. मीटिंगच्या शेवटी मी म्हणालो, "आय हॅव अ डाउट." मला म्हणायचं होतं 'मला एक शंका आहे', म्हणजे साधा प्रश्न. समोरच्या बाईंचा चेहरा पडला. त्यांना वाटलं मला त्यांच्या आकड्यांवर विश्वास नाही. भारतात हे वाक्य सगळ्यांना कळतं, बाहेर 'क्वेश्चन' म्हणावं लागतं.

अनुस्वार
@मुळाकाठ, पूर्ण सहमत. छाप राहू दे, जोर आणि 'कॅन'सारख्या चार-दोन जागा तेवढ्या सांभाळायच्या.

खडूफळा
मुळाकाठ यांनी शंका काढली म्हणून सौजन्याबद्दल सांगते. आपलं सौजन्य क्रियापदाच्या रूपात असतं. 'फाइल पाठव', 'फाइल पाठवा', 'फाइल पाठवता का', 'पाठवाल का': या चारांत मान किती चढत गेला बघा, आणि 'कृपया' कुठेच लागलं नाही. इंग्रजीत क्रियापद एकच. म्हणून आपण 'सेंड मी द फाइल' म्हणतो तेव्हा मनात 'पाठवाल का' असतं आणि समोर पोचतं 'पाठव'. तो मान 'कुड यू'ने भरून काढावा लागतो. माझ्या कितीतरी शालीन मुली ऑफिसात उद्धट ठरल्या, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

अभ्यासिका
मी सध्या पेठेत राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. लातूरचा आहे. सगळ्यांचं वाचून धीर आला. पण ४/३/२ साठी तीन माणसं आणायची कुठून? अभ्यासिकेत बोलायला बंदी, खोलीत चौघं, आणि चौघंही म्हणतात इंग्रजीत बोलायला लागलास की आम्हाला हसू येतं. क्लासची फी परवडत नाही.

निळीछत्री
@अभ्यासिका, भाऊ, मी नर्स आहे, ब्रिटनला जायच्या तयारीत आहे. आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेत बोलण्याच्या भागात मला पहिल्यांदा साडेसहा बँड आले, सात हवे होते. तो भाग ११ ते १४ मिनिटांचा असतो. मधल्या टप्प्यात एक चिठ्ठी देतात, १ मिनिट विचार करायला, आणि मग १ ते २ मिनिटं सलग बोलायचं. गुण चार गोष्टींना सारखे: ओघ आणि सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरण, उच्चार. माझं ओघात जात होतं.

मी काय केलं ते सांगते. वॉर्डातल्या दोघी मैत्रिणी आणि मी, रात्रपाळी संपली की सकाळी चहाला बसायचो आणि तिघींनी एकेका चिठ्ठीवर दोन-दोन मिनिटं बोलायचं. पहिला आठवडा नुसतं हसू. आम्ही नियम केला: हसायचं ते तिघींनी मिळून आणि दोन मिनिटं झाल्यावर. तुमच्या खोलीतल्या चौघांनाही परीक्षेत मुलाखत आहेच ना? त्यांना हसण्याऐवजी घड्याळ धरायला सांगा. दुसऱ्या वेळी मला सात आले.

सिंहगडवारी
@अभ्यासिका, टोस्टमास्टर्सचे क्लब पुण्यात बरेच आहेत. ही संस्था १९२४ साली कॅलिफोर्नियात सुरू झाली, सभासदच एकमेकांना भाषण करायला शिकवतात. पाहुणा म्हणून जाऊन बघता येतं. ऐनवेळी विषय देऊन एक-दोन मिनिटं बोलायला लावतात, आणि एकजण फक्त 'अं', 'आ' किती आले ते मोजत बसतो. पहिल्यांदा धडकी भरते, मग मजा येते.

शनिवारपेठी
अवांतर होईल, पण राहवत नाही. आमच्या नातवाशी घरात सगळे इंग्रजीतच बोलतात, म्हणजे त्याला पुढे या धाग्यावर यायची वेळ येऊ नये. पण तो माझ्याशी गप्पाच मारत नाही हो. माझं इंग्रजी अग्रलेखातलं, त्याचं कार्टूनमधलं.

खडूफळा
शनिवारपेठी, तुम्ही त्याच्याशी मराठीतच बोला. रोज गोष्ट सांगा, पर्वतीला नेलंत तर पायऱ्या मराठीत मोजा. ज्या मुलाला एका भाषेत गोष्ट रंगवून सांगता येते, त्याला दुसऱ्या भाषेत फक्त शब्द शोधावे लागतात, गोष्ट कशी सांगायची ते शिकावं लागत नाही. माझ्या वर्गात इंग्रजीत पुढे गेलेल्या बहुतेक मुली मराठी निबंधातही पुढे होत्या. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

शनिवारपेठी
बाई, आज संध्याकाळीच सुरू करतो. मनापासून आभार.

कडकचहा
आता चुकांचं काय, हे कुणीतरी सांगा. भरभर बोलायला लागलो की चुकाही भरभर येतात. आमचे मॅनेजर मध्येच थांबवून दुरुस्त करतात, मग पुढचं सगळं गळून पडतं.

खडूफळा
चुका दुरुस्त व्हायलाच हव्यात. रुळलेली चूक निघत नाही. 'आय अ‍ॅम वर्किंग हिअर सिन्स नाइन इयर्स' हे मी निवृत्त होईपर्यंत ऐकलं. 'नऊ वर्षांपासून काम करतेय' याचं ते शब्दशः रूप. 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर नाइन इयर्स' हे शंभर वेळा लिहून घेतलं तरी बोलताना पहिलंच यायचं.

दुभाषी
बाई, इथे मी थोडा विरोध करतो. लिहून घेतलं म्हणूनच बोलताना आलं नाही. आणि बोलण्याच्या मध्येच दुरुस्त केलं की माणूस पुढच्या वाक्याआधी घाबरतो. बोलताना थांबवू नये.

खडूफळा
मग केव्हा? कधीच नाही?

दुभाषी
बोलून झाल्यावर. रेकॉर्डिंग ऐकायचं, एकच चूक निवडायची, आणि पंधरा दिवस फक्त तिच्यावर लक्ष ठेवायचं. समजा 'सिन्स' आणि 'फॉर'. बाकीच्या चुका तेवढे दिवस होऊ द्यायच्या. दहा चुका एकदम धरल्या तर तोंड उघडणार नाही.

खडूफळा
हे पटलं. एका वेळी एक. वर्गात आधी सुचायला हवं होतं.

---

*(सात आठवड्यांनी)*

पाऊसवेळ
मंडळी, धागा वर काढतेय. कुणी वाट बघत असेल तर उशिराबद्दल माफ करा. ठरवलं होतं की काहीतरी करूनच लिहायचं.

मी आठवड्यातून चार दिवस ४/३/२ केलं. पहिले दहा दिवस मोबाइलवर. विषय रोजचेच: आज सापडलेली चूक, बस का चुकली, आईची गुडघ्याची तपासणी. पहिल्या दिवशीचं रेकॉर्डिंग ऐकवत नव्हतं. चार मिनिटांत 'अ‍ॅक्च्युअली' १९ वेळा. पण तिसऱ्या खेपेचं, दोन मिनिटांचं ऐकलं तेव्हा तीच मी बोलतेय यावर विश्वास बसेना. वाक्यं लांब झाली होती आणि मधली भगदाडं भरली होती.

मग ऑफिसातल्या दोघी तयार झाल्या. एक मालेगावची, एक इस्लामपूरची. दोघींचं दुखणं माझंच निघालं, नऊ वर्षांत आम्ही एकमेकींना कधी बोललो नव्हतो. जेवणानंतर कंपनीच्या आवारात दोन चकरा मारतो, त्यात तिघींच्या गोष्टी होतात. एकीला ४ मिनिटांत, दुसरीला ३, आणि परत पहिलीला २. ऐकणारी तिसरी नाही, पण चाललंय.

बाईंचा 'लावणे' ऑफिसात सगळ्यांना सांगितला. वही मी बंद केलेली नाही, फक्त आता त्यात सुटे शब्द नाहीत, अख्खी वाक्यं आहेत, मीटिंगमध्ये दुसऱ्यांनी वापरलेली. 'लेट मी जस्ट चेक दॅट आय हॅव अंडरस्टुड', 'कॅन आय कम बॅक टू दॅट'. ही हाताशी असली की विचार करायला चार सेकंद मिळतात आणि शांतता पसरत नाही. आपण मराठीत 'म्हणजे कसंय बघा' म्हणून वेळ काढतो तसंच.

गेल्या मंगळवारी पुन्हा एक चूक सापडली. आदल्या दिवशी तिघींत तीन वेळा सांगून झाली होती. मीटिंगमध्ये मी ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगितली. 'सिन्स' एकदा चुकलं, कळलं, तरी थांबले नाही. सहकारी शेजारीच होता, त्याने माइकला हात लावला नाही. नंतर क्लायंटने एक अनपेक्षित प्रश्न विचारला आणि तिथे मी पुन्हा अडखळले. पाठ नसलेलं अजून येत नाही, हे खरं आहे. पण 'कॅन आय कम बॅक टू दॅट' म्हणाले, आणि दहा मिनिटांनी खरंच परत येऊन उत्तर दिलं.

कडकचहा
ताई!!! आज माझ्याकडून सगळ्यांना चहा. स्ट्राँग.

दुभाषी
फार आनंद झाला. अनपेक्षित प्रश्नासाठी पुढची पायरी: तुमची गोष्ट सांगून झाली की मैत्रिणींनी प्रत्येकी दोन आडवेतिडवे प्रश्न विचारायचे. तुम्ही विषय ठरवायचा, प्रश्न त्यांनी. तिथे तयारीला जागा नाही, तीच त्यातली मेख.

खडूफळा
चुकलं, कळलं, तरी थांबले नाही. पाऊसवेळ, हे वाक्य मी दोनदा वाचलं. शाबास गं.

अभ्यासिका
आमच्या खोलीतही चालू झालंय. घड्याळ धरणाऱ्याला चिठ्ठ्या काढायचं कामही दिलंय, आता तोच सगळ्यात जास्त बोलतो. पण आम्ही सगळे एकमेकांच्या गोष्टी ऐकून कंटाळलो. पुण्यातल्या कुणाला प्रत्यक्ष भेटून करायचं असेल तर? पैसे न घालवता बसता येईल अशी जागा हवी.

मुळाकाठ
जंगली महाराज रस्त्यावर संभाजी उद्यान. रविवारी सकाळी आठ. सगळ्यांना मध्यम पडेल.

निळीछत्री
रविवारी माझी रात्रपाळी संपते, तिथून सरळ येते. माझ्या चिठ्ठ्यांचा डबा आणते, साठेक आहेत.

खडूफळा
मी येईन. दुरुस्त करणार नाही, फक्त ऐकेन. संपल्यावर प्रत्येकाला एकच चूक सांगेन.

पाऊसवेळ
मी आणि मालेगाव येतोय. इस्लामपूर गावी गेलीय, पुढच्या वेळी येईल. पाऊस असला तर छत्र्या आणा, उघड्यावर बसायचंय.